डेंग्यूच्या गर्दीत दर वेळी कंट्रोल लावायचे की नाही? भांडुपच्या लॅबमधून एक प्रश्न

भांडुपची टेक्निशियन:

नमस्कार. माझं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय. भांडुप पश्चिमेला स्टेशनजवळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौथं वर्ष चालू आहे. जुने धागे वाचले तेव्हा कळलं की इथे लॅबमध्ये काम केलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

उन्हाळ्यात आमच्याकडे तापाचे दिवसाला दहा-बारा नमुने येतात. जुलै संपत आला की रोज चाळीसच्या खाली नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). बाकीचं कसंबसं निभतं, पण डेंग्यूच्या आयजीएम एलायझावरून (रक्तातली आयजीएम अँटीबॉडी रंगावरून शोधायची तपासणी) माझं आणि सरांचं, म्हणजे लॅबच्या मालकांचं, रोज वाजतं. आमच्या किटमध्ये कॅलिब्रेटर (ज्यावरून कटऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा, ठरते तो) तीन वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यांत, लावायचा, शिवाय कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले नमुने: एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. म्हणजे आठ वेलची एक स्ट्रिप उघडली की पाच वेल त्यातच जातात आणि पेशंटला उरतात तीन. किट महाग आहे हे मलाही दिसतं. सकाळी सात-आठ नमुने जमतात ते लावायचे, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. सर म्हणतात, सकाळी कंट्रोल लावलेत ना, मग संध्याकाळच्या स्ट्रिपला सकाळचाच कटऑफ धर. दोन वेळा तर आदल्या दिवशीचा धरायला लावला. मी धरला. नोकरी आहे.

पण मन खात होतं. एके दिवशी एसी बिघडला होता. त्या दिवशी सकाळचेच तीन नमुने मी संध्याकाळच्या स्ट्रिपमध्ये गुपचूप परत लावले. त्यातला एक सकाळी निगेटिव्ह होता. संध्याकाळी सकाळच्या कटऑफने तोच पॉझिटिव्ह. रक्त तेच, ट्यूब तीच, हात माझेच. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, बॉर्डरलाइनला असं होतं.

दुसरी गोष्ट माझ्याच हातून झाली. एनएस१ चं (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारं) रॅपिड कार्ड वीस मिनिटांनी वाचायचं असतं. कार्ड लावलं आणि कलेक्शनला तीन पेशंट आले, त्यात एक लहान बाळ. शीर सापडेना. परत आले तेव्हा पाऊण तास झाला होता. टीच्या, म्हणजे टेस्टच्या, जागी फिक्की लाईन होती, अगदी पेन्सिलीने ओढावी तशी. मी पॉझिटिव्ह लिहिलं. नऊ वर्षांचा मुलगा होता. घरचे घाबरले, रातोरात ॲडमिट केलं, आणि तिथे दुसऱ्या लॅबचा एनएस१ एलायझा निगेटिव्ह आला. तीन दिवसांनी त्याची आई दोन्ही कागद घेऊन आमच्या काउंटरवर उभी राहिली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, यातला खरा कुठला?"

मला उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचं आहे ते असं. एक, कटऑफबाबत माझं चूक आहे की सरांचं? दोन, जिथे मायक्रोबायोलॉजिस्ट नाही, क्वालिटी मॅनेजर नाही, एनएबीएलची (लॅबच्या दर्जाची राष्ट्रीय) मान्यता नाही, अशा लॅबमध्ये गर्दीच्या दिवसांत आपले रिपोर्ट बरोबर जाताहेत हे रोजच्या रोज कसं ओळखायचं? महिन्यातून एकदा नाही, रोज.

स्लाइडवाली:

तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी महापालिकेच्या रुग्णालयांतल्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली, २०२१ ला निवृत्त झाले. तुला अगं-तुगं केलं तर राग मानू नकोस.

आधी सरळ उत्तर. कटऑफबाबत तू बरोबर आहेस. कालचा कटऑफ आज चालत नाही आणि सकाळचा संध्याकाळी चालत नाही. एलायझाचा ओडी (रंगाच्या गडदपणाचं माप) म्हणजे साखरेसारखा किंवा क्रिॲटिनिनसारखा आकडा नव्हे. त्या वेळी, त्या स्ट्रिपमध्ये रंग किती चढला एवढंच तो सांगतो. सबस्ट्रेट (रंग धरणारा द्रव) टाकलं की वेल निळे व्हायला लागतात, स्टॉप सोल्युशन पडलं की पिवळे होतात. मधल्या दहा मिनिटांत खोली चोवीस अंशांवर आहे की एकतीसवर, सबस्ट्रेटची बाटली फ्रिजमधून आत्ता काढली की तासभर ओट्यावर होती, यावर तो रंग कमी-जास्त होतो. कॅलिब्रेटर त्याच हवेत, त्याच घड्याळावर बसला असेल तरच पेशंटच्या वेलची त्याच्याशी तुलना करता येते. तुझा एसी बिघडला त्या दिवशी तू जे करून पाहिलंस तो पुरावाच आहे. सरांना पुन्हा दाखव, पण तोंडी नको. दोन्ही वेळचे ओडी, खोलीचं तापमान, वेळ, सगळं एका कागदावर लिहून.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो मोठा आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते, कारण कंट्रोल रोज लावले तरी प्रत्येक चूक पकडली जाईल असं नाही. हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगते.

सप्टेंबर होता, डेंग्यूचा भर. पूर्ण शहाण्णव वेलची प्लेट रोज लागायची. आमच्याकडे त्या आठवड्यात शंभरात वीस-बावीस पॉझिटिव्ह येत होते. एके दुपारी आकडा एकदम तिसाच्या वर गेला. कंट्रोल पास, कॅलिब्रेटर पास. सगळे म्हणाले साथ चढतेय, पाऊस थांबून ऊन पडलंय, होणारच. रिपोर्ट टाइप करायला बसले होते. रीडरमधून आलेला कागद समोर होता, त्यावर पॉझिटिव्हला मी नेहमी लाल पेनाने गोल करते. गोल करता करता लक्षात आलं की गोल एका ओळीत येताहेत. 'एफ' ओळ. एफ दोन, एफ तीन, एफ चार, पार एफ बारापर्यंत. अकराच्या अकरा पॉझिटिव्ह. आता सांग, पेशंटचा ताप काही प्लेटची ओळ बघून येत नाही.

वॉशर उघडला. आठ नॉझलचा हेड, प्रत्येक नॉझल एका ओळीला धुतो. सहावा नॉझल वॉश बफरच्या मिठाने बुजला होता, टोकाला पांढरा खडा दिसत होता. आदल्या संध्याकाळी घाईत कुणीतरी डिस्टिल्ड वॉटरने लाईन न धुता मशीन बंद केलं होतं. एफ ओळीतले वेल नीट धुतलेच गेले नाहीत, कॉन्जुगेट (ज्यामुळे सबस्ट्रेटला रंग येतो ते) आत राहिलं, रंग चढला. कंट्रोल कसे पास झाले? आम्ही ते पहिल्या स्ट्रिपमध्ये ए, बी, सी, डी, ई मध्ये लावायचो. एफ मध्ये त्यातलं एकही नव्हतं. तारेने नॉझल मोकळा केला, सगळी प्लेट पुन्हा लावली. त्या अकरांतले दोन राहिले, नऊ निगेटिव्ह झाले.

त्या नऊ जणांचे कागद गेले असते तर काय झालं असतं ते बघ. पॉझिटिव्हची यादी वॉर्डाच्या आरोग्य खात्याकडे जाते. तिथून कीटकनाशक विभागाची माणसं त्या पत्त्यावर जातात, टाक्या, ड्रम, कुंड्या तपासतात, धुरी करतात. ती माणसं मोजकी आहेत. नऊ खोट्या पत्त्यांवर फिरली असती तर ज्या चाळीत खरोखर डेंग्यू होता तिथे त्या दिवशी पोचली नसती. साथीत आपला रिपोर्ट एका पेशंटपुरता राहत नाही, शहराचा नकाशा त्यावरून काढला जातो.

म्हणून काय काय करता येईल ते सांगते. यात मोठा खर्च कुठेच नाही.

किटमधला पॉझिटिव्ह कंट्रोल बहुधा चांगला कडक असतो. किट थोडं मंदावलं तरी तो पॉझिटिव्हच येतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. तुला हवा फिक्का पॉझिटिव्ह. उरलेली पॉझिटिव्ह सीरम एकत्र कर, आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह आहेत हे तपासून. त्यात निगेटिव्ह सीरम घालत घालत असा पातळ कर की कटऑफच्या साधारण दीडपट यावा. छोट्या ट्यूबमध्ये एकेका दिवसापुरता भरून उणे वीसमध्ये ठेव. रोज एकच ट्यूब वितळवायची, परत गोठवायची नाही. दर रनला, म्हणजे एलायझा लावशील त्या प्रत्येक वेळी, एक वेल त्याला. आलेला ओडी भागिले कटऑफ, हा आकडा आलेख कागदावर मांडायचा. वीस वाचनं झाली की सरासरी आणि एसडी (वाचनं सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) काढ, दोन एसडी आणि तीन एसडीच्या रेघा मार. हाच लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, १९५० पासून लॅबमध्ये वापरतात. दोन एसडीच्या बाहेर एकदा गेला तर कान टवकार. तीनच्या बाहेर गेला, किंवा लागोपाठ दोनदा एकाच बाजूला दोनच्या बाहेर गेला, तर रिपोर्ट थांबव. दहा ठिपके सलग सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी हळूहळू सरकतंय: पिपेट, इन्क्युबेटर, नाहीतर किटचा नवा लॉट (बॅच). हे वेस्टगार्डचे नियम. तुला डीएमएलटीला शिकवले असतील, पण बायोकेमिस्ट्रीच्या तासाला, म्हणून एलायझाला लावायचं कुणाला सुचत नाही.

नवा लॉट आला की थेट पेशंटवर उघडायचा नाही. जुने पाच-सहा नमुने, काही पॉझिटिव्ह, काही निगेटिव्ह, एक-दोन काठावरचे, दोन्ही लॉटवर लावून बघायचे. गर्दीतच लॉट भराभर बदलतात, आणि गर्दीतच हे राहून जातं.

भिंतीवर एक वही टांग. रोज किती लावले, किती पॉझिटिव्ह, कुठला लॉट, कुणी लावले. टक्का एकदम चढला तर बघ, आणि एकदम उतरला तर त्याहून जास्त बघ. उतरलेला टक्का कुणाला खटकत नाही.

आणि आठवड्यातून एकदा तुमच्यातल्याच कुणाला तरी सांग, चार जुने नमुने नवे नंबर टाकून तुझ्या रॅकमध्ये ठेव, मला सांगू नकोस. टीबीच्या थुंकीच्या स्लाइडसाठी हे देशभर चालतं, पहिला निकाल झाकून दुसरा माणूस स्लाइड पुन्हा वाचतो. मी स्वतः अशा फेरतपासणीत एकदा चुकले होते. एक-प्लसची, म्हणजे कमी जंतूंची पॉझिटिव्ह, स्लाइड निगेटिव्ह दिली होती. त्यानंतर दिवसाला किती स्लाइड वाचायच्या याची मर्यादा मी स्वतःवर घालून घेतली आणि वरिष्ठांशी भांडून ती लेखी करून घेतली.

कार्डाचं म्हणशील तर स्वयंपाकघरातला टायमर घे, गळ्यात अडकव. कार्डावर मार्करने लावल्याची वेळ लिही. वेळ टळली तर ते कार्ड गेलं, नवं लाव. त्या आईला उत्तर देता आलं नाही याचं तुला वाईट वाटतंय, ते राहू दे, त्याने तू सावध राहशील. पण तिला फोन कर आणि खरं काय झालं ते सांग.

गोवंडीचा डॉक्टर:

सव्वीस वर्षं गोवंडीत दवाखाना आहे. स्लाइडवाली ताईंनी लॅबच्या आतलं सगळं सांगितलं, मी बाहेरची बाजू सांगतो, कारण अर्धी चूक तिथेच होते आणि ती आम्हा डॉक्टरांची असते.

आम्ही चिठ्ठीवर 'डेंग्यू प्रोफाइल' लिहितो आणि ताप कधीपासून हे लिहीत नाही. एनएस१ पहिल्या चार-पाच दिवसांतच नीट सापडतो, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आला तर त्या कागदाला काहीच अर्थ नाही, पण घरचे तो फाइलला लावून निवांत होतात. लेप्टोचं तर आणखी वाईट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात कंबरभर पाण्यातून चाललेली माणसं तापाने येऊ लागली. तेव्हा मी नवा होतो. एकाचा लेप्टो आयजीएम तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आला म्हणून मी लेप्टोवरचं औषध, डॉक्सीसायक्लिन, लांबवलं. आठवड्याने पुन्हा काढला तो पॉझिटिव्ह, तोवर लघवी कमी झाली होती, डोळे पिवळे. वाचला तो, डायलिसिसनंतर. तेव्हापासून मी चिठ्ठीवर तापाचा दिवस मोठ्या अक्षरात लिहितो. ताई, तुम्ही काउंटरवर प्रत्येकाला विचारा आणि रिपोर्टवर छापा: तापाचा कितवा दिवस. डॉक्टरने लिहिलं नसेल तरी.

प्लेटलेटचंही तेच. मागच्या वर्षी एका बाईंचा काउंट १८,००० आला. समोर बसलेली बाई ठणठणीत, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्या स्वच्छ. नातेवाईक रक्तपेढीकडे निघाले होते. मी लॅबला फोन केला, म्हटलं स्मीअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघा. प्लेटलेटचे गठ्ठे होते, म्हणून मशीनने कमी मोजले; ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये काहींच्या होतात. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये घेतलं तर १,४०,०००. त्या लॅबच्या मुलीने फोनवर आभार मानले. बहुतेक डॉक्टर फोन करत नाहीत, रिपोर्ट पटला नाही तर गुपचूप दुसऱ्या लॅबला पाठवतात. त्याने पहिल्या लॅबला तिची चूक कधी कळतच नाही. तुमच्या भागातल्या चार डॉक्टरांना सांगून ठेवा की रिपोर्ट पेशंटशी जुळला नाही तर आम्हाला कळवा, आम्ही फुकट पुन्हा लावू.

मुलुंडचा लॅबवाला:

मी तुमच्या सरांच्या जागी आहे, म्हणून त्यांची बाजू मांडतो. समर्थन करत नाही.

पावसाळ्यात शेजारची लॅब दोन तासांत रिपोर्ट देते म्हटल्यावर पेशंट तिकडे जातो. दर कुणी वाढवू देत नाही. आठ वेलमधले पाच कंट्रोलला गेले की त्या स्ट्रिपवर पैसे सुटत नाहीत, हे खरं आहे. मीही पूर्वी कटऑफ पुढे ओढलाय. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहितो, कारण इथे वाचणारे मालकही असतील.

आम्ही काढलेली वाट अशी: एलायझा दिवसातून एकदाच, दुपारी चार वाजता. परिसरातल्या दोन छोट्या लॅबशी बोललो, त्यांचेही नमुने साडेतीनपर्यंत माझ्याकडे येतात. बर्फाच्या डब्यात, यादीसकट. एकत्र पंचवीस-तीस होतात, मग पाच वेल कंट्रोलचे जड जात नाहीत आणि स्लाइडवाली ताईंनी सांगितलेला फिक्क्या कंट्रोलचा सहावाही बसतो. घाई असेल त्याला एनएस१ कार्ड लगेच, पण त्यावर स्पष्ट लिहितो की हे रॅपिड कार्ड आहे, एलायझाने पक्कं करून घ्या. राष्ट्रीय कार्यक्रमातही कार्डावरची केस संभाव्य धरतात, पक्की एलायझावरच. पहिल्या पंधरा दिवसांत काही पेशंट तुटले. डॉक्टरांना समजावल्यावर परत आले.

सरांशी बोलताना 'तुम्ही चूक करताय' असं सुरू करू नका. तिघांनी मिळून एक रन केला तर किटचा खर्च किती पडेल, तो हिशेब आधी समोर ठेवा.

पीसीआरवाला:

कोविडच्या काळात मुंबईतल्या एका आरटी-पीसीआर लॅबमध्ये दीड वर्ष होतो, शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं. तत्त्व तेच आहे म्हणून दोन-तीन गोष्टी जोडतो.

पीसीआरमध्ये प्रत्येक प्लेटवर एक वेल असा असतो ज्यात कुणाचाच नमुना नसतो, नुसतं पाणी. त्याला आम्ही एनटीसी म्हणतो. त्यात पॉझिटिव्हची रेघ उठायलाच नको. मे २०२० मध्ये एका रात्री आमच्या एनटीसीत सीटी ३६ च्या आसपास (विषाणूचा अंश जितका कमी तितका हा आकडा मोठा) बारीक रेघ उठली. म्हणजे ओट्यावर, हूडमध्ये, पिपेटमध्ये कुठेतरी आधीच्या पॉझिटिव्हचा अंश सांडलेला. दोनशेच्या आसपास रिपोर्ट अडले होते, वरून फोन सुरू होते. आमच्या मॅडमनी फोन बंद करून ठेवला, हायपोक्लोराइटने सगळं पुसायला लावलं, रसायनांचे नवे ॲलिकॉट (छोट्या ट्यूबमधले वाटे) उघडले आणि पहाटेपर्यंत प्लेट पुन्हा लावली. त्या रात्री मला कळलं की रिपोर्ट अडवायचा अधिकार बेंचवर बसलेल्या माणसाला असला पाहिजे, नाहीतर कंट्रोल लावून उपयोग नाही. लेखी घ्या तो अधिकार, एका ओळीचा का असेना.

दुसरं, प्रत्येक नमुन्यात माणसाचाच एक जीन शोधतो, आरएनेज-पी. तो सापडला नाही तर स्वॅब नाकात नीट गेलाच नव्हता. असा नमुना निगेटिव्ह म्हणून द्यायचा नसतो, पुन्हा मागवायचा असतो. पहिल्या लाटेत पीपीई घालून घामाने थबथबलेले लोक स्वॅब घ्यायचे, त्यामुळे असे नमुने रोज निघायचे.

तिसरं, बाहेरचा डोळा. आयसीएमआरने कोविडमध्ये लॅबना पाच पॉझिटिव्ह आणि पाच निगेटिव्ह नमुने राज्याच्या ठरलेल्या लॅबकडे पाठवायला लावले होते, तिथे ते परत लावून निकाल जुळतात का बघायचे. वर पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). हे तुम्ही स्वतः करू शकता. महिन्यातून एकदा दहा नमुने, निकाल न लिहिता, ओळखीच्या एनएबीएल लॅबला द्या आणि जुळवून बघा.

स्लाइडवाली ताईंनी वहीचं सांगितलं त्याला एक जोड. इंग्लंडमध्ये २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका खासगी लॅबने सुमारे ४३,००० जणांना चुकीचे निगेटिव्ह कोविड रिपोर्ट दिले असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा अंदाज होता. महिनाभर चाललं ते. उघडकीला कसं आलं, तर घरच्या कार्डावर पॉझिटिव्ह आलेल्या लोकांना पीसीआर निगेटिव्ह यायला लागलं आणि लोक तक्रारी करू लागले. एवढी मोठी यंत्रणा, पण टक्का उतरला तेव्हा वेळेत कुणी थांबवलं नाही.

आणि साथ ओसरताना जास्त जपा. समजा कार्ड शंभरातले नव्वद खरे आजारी पकडतं आणि निरोगी शंभरांपैकी दोघांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. सप्टेंबरमध्ये तापाच्या हजार जणांत तीनशेंना डेंग्यू असेल तर २७० खरे पॉझिटिव्ह आणि १४ खोटे. फेब्रुवारीत हजारात दहाच असतील तर ९ खरे आणि जवळजवळ २० खोटे. कार्ड तेच, हात तेच. म्हणून ऑफ-सीझनचा प्रत्येक पॉझिटिव्ह एलायझाने तपासल्याशिवाय सोडू नका.

भांडुपची टेक्निशियन:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण कामच तेवढं होतं.

त्या आईला फोन केला. मी सांगितलं की कार्ड उशिरा वाचलं गेलं, चूक माझी होती, एलायझाचा निगेटिव्ह धरा. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ॲडमिटचे अकरा हजार गेले, पण तू सांगितलंस." मुलगा शाळेत जातोय. मी सरांनाही सांगितलं की मी फोन केला. चिडले, पण पैसे परत करण्याचं त्यांनीच काढलं, आमच्या रिपोर्टचे.

मुलुंडच्या दादांनी सांगितलं तसा हिशेब मांडून दिला. कांजूरच्या एका लॅबशी सर बोललेत, सोमवारपासून साडेचारचा एकच रन. लेखी अधिकाराचं अजून झालेलं नाही, ते मी सोडणार नाही. काउंटरच्या वहीत 'तापाचा दिवस' असा रकाना कालपासून आखलाय. पहिल्याच दिवशी नऊ जणांचे आयजीएम चौथ्या दिवसाच्या आत काढायला सांगितलेले निघाले. त्यातल्या पाच डॉक्टरांना फोन केले, तिघांनी बदलून एनएस१ केलं.

ताई, तुमचा फिक्का कंट्रोल बनवला. सहा पॉझिटिव्ह सीरम, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह. चौथ्या वेळी पातळ करून जमला. आज पहिलं वाचन १.४६. आता अडचण अशी, वीस वाचनं व्हायला तर वेळ लागेल. तोपर्यंत रेंज कुठली धरू? आणि मधेच लॉट संपला तर?

स्लाइडवाली:

फोन केलास हे फार बरं केलंस.

वीस होईपर्यंत रेंज धरायची नाही. तोवर रन पास की नापास हे किटच्या कागदावरच्या निकषांनीच ठरव, फिक्क्या कंट्रोलचं वाचन नुसतं टिपत जा. दिवसाला एकच रन असेल तर वीस दिवस लागतील, लागू देत. एका दिवसात चार वेळा लावून वीस उरकू नकोस, नाहीतर एसीचा दिवस आणि बिनएसीचा दिवस, तुझा हात आणि दुसऱ्याचा हात, हे फरक त्यात येणारच नाहीत आणि रेंज उगाच अरुंद होईल.

लॉट संपायच्या आत नवा मागव. निदान पाच दिवस दोन्ही लॉटमध्ये हाच कंट्रोल लाव आणि नव्या लॉटची वाचनं वेगळ्या रंगाने मांड. सरासरी सरकली तर नवी रेघ मारायची, जुनी खोडायची नाही. पुढच्या वर्षी तीच कामाला येते.

ट्यूबांवर बनवल्याची तारीख आणि तुझी सही टाक. डीप फ्रीजरचं तापमान दिवसातून दोनदा लिही, रविवारीही. आणि फिक्का कंट्रोल रोज त्याच वेलमध्ये लावू नकोस. एकदा बी मध्ये, एकदा एफ मध्ये, एकदा शेवटच्या स्ट्रिपमध्ये. वॉशरचे नॉझल मोकळे करायच्या पिना माझ्याकडे दोन जादा आहेत. परळला आलीस तर घेऊन जा, निरोप टाक.